भाड्याच्या खोलीचं दार

दिवाळीची सुट्टी लागली की मंचर, घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव, ओतूर इथल्या भाड्याच्या खोल्यांना कुलपं लागतात. शिकायला राहिलेली मुलंमुली पिशव्या भरून गावी निघतात. कुणाचं गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असतं, कुणाचं भीमाशंकरच्या रस्त्यावर, कुणाचं नाणेघाटाकडे. त्याच आठवड्यात खाली घरमालकाकडे साफसफाई निघालेली असते. जळमटं काढायची, भिंतींना हात मारायचा, पाहुणे येणार म्हणून जागा करायची. वरच्या खोलीची दुसरी किल्ली खालच्या खुंटीवर असतेच. मग ती खोलीही उघडली जाते.

उघडणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. पण सुट्टीनंतर परतलेल्या मुलीला ट्रंक सरकवलेली दिसते, वह्यांचा गठ्ठा दुसऱ्याच कोपऱ्यात दिसतो, दोरीवर राहिलेले कपडे घडी घालून कॉटवर ठेवलेले दिसतात. त्यात तिची आतली कापडंही असतात. ती काही बोलत नाही. काकूंनी मायेनं घड्या घातल्या, आता त्याची तक्रार कुणाकडे आणि कोणत्या तोंडानं करायची? हा लेख तिच्या त्या न बोलण्याबद्दल आहे.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पुण्याच्या उत्तरेला, पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथे भाड्यानं राहायचे ते मुख्यतः बदलीवर आलेले शिक्षक, तलाठी, बँकेतले कारकून. आता चित्र पुष्कळ बदललं आहे. अवसरी खुर्दला २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. मंचरचं अण्णासाहेब आवटे, घोडेगावचं बी. डी. काळे, जुन्नरचं श्री शिवछत्रपती, ओतूरचं अण्णासाहेब वाघिरे ही महाविद्यालयं आधीपासून होतीच. आदिवासी विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेतून जेवणाचे आणि राहण्याचे पैसे मिळतात. म्हणून महादेव कोळी, ठाकर समाजातली मुलंमुलीही आता खोली करून राहतात. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामाला परराज्यातले व्यापारी येतात, त्यांच्यामागोमाग क्रेट भरणारे, गाडी लादणारे कामगार येतात. आळेफाट्यावर गॅरेजवाले आणि हॉटेलांत काम करणारे राहतात. त्यांच्यासाठी लोकांनी घरावर मजले चढवले, गोठ्याच्या जागी खोल्या काढल्या, रस्त्याकडेला गाळे बांधले. भाडं हे इथल्या कित्येक घरांचं नियमित उत्पन्न झालं आहे. कांद्याचा भाव पडला तरी भाडं पडत नाही.

अशी एक खोली जवळून पाहू. दहा बाय बाराची, वर सिमेंटचा पत्रा किंवा स्लॅब, कोपऱ्यात कडाप्प्याचा ओटा. न्हाणीघर बाहेर, दोन खोल्यांत मिळून एक. मीटर मालकाच्या नावावर, खोलीला सबमीटर. पाण्याची मोटर खाली, तिचं बटण मालकाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर. गच्चीवरच्या टाकीकडे जायची लोखंडी शिडी वरच्या खोलीच्या दारातूनच जाते, म्हणून टाकी भरली का ते बघायला दिवसातून दोनदा कुणीतरी दारावरून जाणार. दाराला बाहेरून कडी-कोयंडा आणि कुलूप, आतून एक ढिली कडी. ती लावली तरी धक्क्यानं उघडते. हाक येते, “काय गं, आहात का?” आणि उत्तराआधी दार लोटलेलं असतं. ही बांधणीच अशी आहे की मालकानं भाडेकरूच्या दारावरून गेल्याशिवाय घर चालत नाही. मुलींनी स्वतःच्या पैशानं आतून नवी कडी बसवली की पहिला प्रश्न येतो, आम्हाला न विचारता दाराला भोकं का पाडली?

या दारावर हक्क कुणाचा, याचं उत्तर कायद्यात पुष्कळ स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम २८ एका वाक्याचं आहे. भाड्यानं किंवा लायसन्सवर दिलेल्या जागेची पाहणी करण्याचा हक्क मालकाला आहे. मात्र ती पाहणी वाजवी वेळी आणि राहणाऱ्याला आधी सूचना देऊन करायची आहे. मालकाला आत येताच येणार नाही, असं कायदा म्हणत नाही. गळती, भेगा, वायरिंग बघणं हे त्याचं कामच आहे. पण सांगून आणि वेळेवर. सूचना किती तास आधी द्यायची हे कलमात नाही, आणि माझ्या मते ही त्याची मोठी उणीव आहे. केंद्र सरकारनं २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या मसुद्यात ती भरून काढली आहे. तिथे किमान २४ तास आधी, लेखी किंवा मोबाइलसारख्या इलेक्ट्रॉनिक माध्यमातून, कारण सांगून सूचना द्यावी लागते. आग, पूर अशा आपत्तीत तेवढी सूट. पण तो मसुदा राज्यानं स्वीकारला तरच कायदा होतो, आणि आपल्याकडे कारभार १९९९ च्या कायद्यावरच चालतो. इंग्लंडमध्ये दुरुस्तीसाठी जागा पाहायला २४ तासांची लेखी सूचना १९८५ च्या कायद्यानं ठरलेली आहे. इथली जी मुलं तिकडे शिकायला गेली आहेत त्यांना घरमालकाचा आधी निरोप येतो, आणि त्यात त्यांना आता काही विशेष वाटत नाही.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी. १९९९ चा कायदा सगळ्या महाराष्ट्राला सरसकट लागू नाही. त्याच्या अनुसूचींत दिलेल्या आणि सरकारनं अधिसूचना काढून जोडलेल्या क्षेत्रांपुरताच तो आहे. शहरं आणि गावठाणाबाहेर वाढलेल्या वस्त्या यांच्यात त्यामुळे फरक पडतो. पण ज्या गावात तो पोहोचत नाही तिथला भाडेकरू उघड्यावर पडत नाही. तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आहे. त्याच्या कलम १०८ नुसार भाडं वेळेवर देणाऱ्या आणि अटी पाळणाऱ्या भाडेकरूला मुदत संपेपर्यंत व्यत्ययाशिवाय जागा वापरता येते. मालकाला पाहणीसाठी आत येऊ देणं हे भाडेकरूचं कर्तव्य म्हणून याच कलमात सांगितलं आहे, तेही वाजवी वेळी. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा कायदा या मुद्द्यावर एकच सांगतात.

आपल्या जिल्ह्याला तर घरात शिरण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालच्या सोल्जरांनी घराघरांत घुसून तपासण्या केल्या. माजघर, देवघर, बायकांच्या खोल्या, काहीच त्यांनी सोडलं नाही. साथ खरी होती, तपासणीचं कारणही खरं होतं, तरी ज्या रीतीनं ते लोक आत शिरले त्याचा संताप इतका होता की २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या. शाळेत हा धडा आपण अभिमानानं शिकतो. त्यातला उंबरठ्याचा मान मात्र स्वतःच्या मालकीच्या घरापुरता ठेवतो. भाड्याच्या खोलीला उंबरठा असतो, हे मनात येत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानं निर्वाळा दिला. त्यातलं प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड यांचं मूळ गाव आंबेगावला लागून असलेल्या खेड तालुक्यातलं कनेरसर. तो खटला सरकारविरुद्धचा होता, घरमालकाविरुद्ध त्यातून थेट दावा लावता येतो असं कुणी समजू नये. पण त्याच्याही आधी, २००४ च्या कॅनरा बँक प्रकरणात याच न्यायालयानं सांगितलेली एक गोष्ट आपल्या विषयाला नेमकी लागते. खासगीपणाचा हक्क माणसांचा आहे, जागांचा नाही. भिंती मालकाच्या राहोत. त्यांच्या आत राहणाऱ्या माणसाचा खासगीपणा त्याच्यासोबत त्या खोलीत येतो, आणि खोली सोडली की त्याच्यासोबत जातो.

घरमालकांची बाजूही पोकळ नाही. जुन्नरच्या जुन्या पेठांतल्या वाड्यांचे मालक वर्षानुवर्षं उलट अनुभव घेत आले आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखालची कुळं, नाममात्र भाडं, आणि स्वतःच्याच वाड्यात पाऊल टाकायला चोरी. वासे कुजले तरी बघता येत नाहीत, पडझड झाली तर जबाबदारी मात्र मालकाची. अशा वाड्यांच्या मालकांनाही कलम २८ तेवढंच उपयोगी आहे. नव्या मालकांची भीती वेगळी. खोलीत कोण येतं-जातं, काही भानगड निघाली तर पोलीस आधी आपल्या दारात येतील. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देण्याचे आदेश जिल्हा प्रशासन काढतं आणि ती न देणाऱ्या मालकांवर गुन्हेही दाखल होतात. मुलींच्या बाबतीत तर मालकीणबाईंच्या मनात खरोखरच आईबापांनी आपल्या भरवशावर ठेवल्याची जाणीव असते. हे सगळं मान्य. पण माहिती पोलिसांना देणं हे कागदाचं काम आहे. त्यासाठी रात्री साडेनऊला दार उघडून आत डोकावावं लागत नाही. आणि पोरीची काळजी म्हणून तिच्या कपाटात हात घातला, तर त्या काळजीतून तिला कुणापासून संरक्षण मिळालं?

काळजीच्या नावाखाली आणखी एक तपासणी चालते, ती स्वयंपाकाच्या ओट्याची. खोली देताना आडनाव विचारलं जातं. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव विचारलं जातं, मग खाण्यापिण्याचं. मटण-मासे चालणार नाहीत ही अट तोंडी असते. मग वास आला की कुणीतरी वर येतं, पातेल्यावरचं झाकण उचललं जातं. ज्या मुलांच्या घरी सुकट ही रोजच्या भाकरीसोबतची गोष्ट आहे, त्यांनी ती गावाकडून आणली तरी पिशवीतच ठेवायची आणि खिडक्या लावून खायची. मला या सगळ्या प्रकारांत हा सर्वांत जास्त लागतो. कारण कपाट उघडलं गेलं तर मुलगी निदान मैत्रिणीला सांगते. पातेलं उघडलं गेलं तर तिला स्वतःच्या घराची लाज वाटायला लावलेली असते.

कागदाकडे वळतो, कारण अडतं ते बहुधा तिथेच. गावात करार झालाच तर स्टॅम्पपेपरवर चार ओळी लिहून नोटरीचा शिक्का मारतात आणि अकरा महिन्यांचं झालं म्हणतात. ते पुरेसं नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. ही जबाबदारी मालकाची आहे, चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. आणि भाडेकरूच्या फायद्याची खरी गोष्ट पुढे आहे: नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. खर्चाचा बाऊ करण्यासारखंही काही नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का आहे. महिना तीन हजारांच्या खोलीला ते शंभराच्या आसपास येतं, नोंदणी फी ग्रामीण भागात पाचशे आणि शहरी भागात हजार. करून देणाऱ्याची मजुरी वेगळी.

या छापील लिव्ह अँड लायसन्स करारात पाहणीचं कलम असतंच. वाजवी सूचना देऊन मालकाला किंवा त्याच्या माणसाला जागा पाहता येईल, अशा अर्थाचं. बायोमेट्रिकवर अंगठा ठेवताना ते कुणी वाचत नाही. ऑपरेटरही भाडं, डिपॉझिट आणि तारखा तेवढ्या वाचून दाखवतो. तिथेच थांबून ‘वाजवी’च्या जागी तास लिहून घेता येतात. दुसरी किल्ली कुणाकडे राहील, सुट्टीत खोली उघडायची झाली तर फोनवर विचारूनच, टाकीची साफसफाई कोणत्या वारी, हेही लिहिता येतं. अनोळखी माणसाशी करार करताना आपण या गोष्टी न लाजता लिहितो. काका-काकू म्हटलं की लिहिणं उद्धटपणाचं वाटू लागतं, आणि खरं तर तिथेच लिहिलेलं हवं, कारण रोज समोरासमोर भांडता येत नाही.

लिव्ह अँड लायसन्स हा प्रकारच मुळात मुंबईत वाढला. १९४७ च्या कायद्यानं कुळाला संरक्षण दिलं, म्हणून मालक कूळ न म्हणता ‘परवानगीनं राहणारा’ म्हणू लागले. कागदावर ताबा मालकाचाच. १९७३ साली कायदा बदलून, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे राहत होते त्यांना कुळाचा दर्जा द्यावा लागला. या इतिहासाशी आपल्या दोन तालुक्यांचं घरचं नातं आहे. गिरणगावात, गोद्यांत, मंडईत आणि डबेवाल्यांत जुन्नर-आंबेगाव-खेड-मावळची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू याच वाटेनं मुंबईला गेलेला गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकखाली त्यानं जीव दिला. तिथलं राहणं म्हणजे एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे दहा-पंधरा जण, कॉमन नळ, आणि भाड्यासाठी दारात येऊन आवाज चढवणारा मालकाचा माणूस. आज मंचरला तीन मजली घर बांधून खोल्या देणाऱ्या कित्येकांचे बाप-आजोबा अशा खोल्यांत राहिलेले आहेत. तो माणूस दारात आला की घरातल्या बायकांना कसं वाटायचं, हे त्यांच्या घरात आजही सांगितलं जातं.

ज्यांच्या नशिबी दारच नाही त्यांच्याबद्दलही लिहायला हवं. शिरोली बुद्रुकचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर, या दोन साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्या येतात. पाचट आणि प्लास्टिकच्या कोप्या, पुढे साडीचा पडदा. बायका पहाटे अंधारात अंघोळ उरकतात, आणि हा बिबट्यांचा मुलूख आहे. बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र काढावं लागलं इतका. बागायतदाराच्या मळ्यातल्या खोलीत राहणारं सालगड्याचं कुटुंब असो की पॅकिंग शेडच्या वर कोंबलेले परप्रांतीय मजूर, त्यांचा मालक आणि घरमालक एकच असतो. कामाला उशीर झाला की तो सरळ आत येऊन उठवतो. भाडं वेगळं घेतलेलं नसतं, म्हणून हे कुटुंब भाडेकरू नाही असं धरलं जातं. माझ्या लेखी खासगीपणाची सर्वांत मोठी गरज इथे आहे, आणि सर्वांत कमी बोललं जातं तेही इथेच. दाराला आतून कडी आणि अंघोळीला आडोसा, एवढी मागणीही कुणी पुढे आणत नाही.

बोलावं म्हटलं तर काय करता येतं? माणुसकीनं चुकून आत आलेल्या मालकावर गुन्हा दाखल होत नाही आणि होऊही नये. पण दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत त्याला धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूनं शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खालचा अपराध आहे, आणि कलम ताब्याबद्दल बोलतं, मालकीबद्दल नाही. शिरणारा घराचा मालक आहे एवढ्यानं तो सुटत नाही. बाई कपडे बदलताना किंवा अंघोळ करताना बघणं, चित्रण करणं याला कलम ७७ आहे. तक्रार केली म्हणून पाणी तोडलं, मोटर बंद केली, वीज काढली, तर भाडे कायद्याचं कलम २९ त्याला मनाई करतं आणि न्यायालय ते पुन्हा जोडायला लावू शकतं. कुलूप बदलून सामान बाहेर काढलं तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. तिथे मालकी कुणाची हा प्रश्नच विचारला जात नाही.

त्याआधीच्या पायऱ्या साध्या आहेत. भाडं रोख न देता फोनवरून पाठवायचं किंवा पावती मागायची. पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. खोली न विचारता उघडली गेली की त्याच दिवशी एक नम्र मेसेज करायचा: काकू, आज खोली उघडलेली दिसली, पुढच्या वेळी आधी कळवाल का. भांडण होत नाही, आणि तारखेसह नोंद राहते. कॉलेजातल्या ज्या मुलींनी हे केलं त्यांच्याकडे पुढच्या वेळी आधी फोन आला, असंही ऐकायला मिळतं. काही जणींना महिनाअखेर खोली सोडायला सांगितली गेली, तेही ऐकायला मिळतं. दुसऱ्या खोलीचं डिपॉझिट हाताशी नसेल तर मुलगी गप्पच बसणार, म्हणून महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थिनी कुठे राहतात याची यादी ठेवून घरमालकांशी वर्षातून एकदा बसून बोलावं, असं मला वाटतं. खोल्यांची गरज जशी मुलींना आहे तशी त्या भरण्याची गरज मालकांनाही आहे, आणि महाविद्यालयाचा शब्द दोघांवर चालतो.

जुन्नरला न्यायालय आहे, आंबेगावचं घोडेगावला. तिथे तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वरच्या खोलीत राहणारी डिंभ्याकडची आदिवासी मुलगी या दोन्हींत बसते. अर्ज साध्या कागदावर चालतो, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगूनही.